सुनेने नाटकं उडवली नव्हती

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा माझ्याकडे कॉम्प्युटरच्या गमतीजमतींवर हलकाफुलका लेख मागितला. "तो सुनेचा किस्सा घ्या ना काका, लोक अजून हसतात," असंही सुचवलं. किस्सा बहुतेकांना माहीत आहे. आमच्या हिने मंडळातल्या मुलांसाठी वर्षानुवर्षं लिहिलेली सगळी नाटकं सुनेने एक बटण दाबून घालवली. सासूची वीस वर्षं आणि सुनेचं एक बोट! हे वाक्य मंडळात इतक्यांदा म्हटलं गेलंय की पहिल्यांदा कोण म्हणालं ते आता कुणाला आठवत नाही. मला आठवतं. मीच म्हणालो होतो.

ते खोटं होतं. जे झालं ते मी खाली लिहितो आहे. लेख हलकाफुलका झालेला नाही, त्याबद्दल संपादकांनी क्षमा करावी.

माझी सगळी नोकरी केंद्र सरकारच्या एका खात्यात, दिल्लीतच झाली. देशाची दारं उघडली, बाहेरच्या कंपन्या येऊ लागल्या, त्या सुमारास आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी एसी खोली. आत जाताना बूट बाहेर काढावे लागायचे, देवळात काढतात तसे. माझ्या वयाचे बाकीचे त्या खोलीला वळसा घालून जायचे. मी मोजे घालून आत गेलो आणि शिकलो. तेव्हापासून मला एक मान मिळाला आणि खरं सांगायचं तर त्याची चटक लागली. निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गाझियाबादला सोसायटीत फ्लॅट घेतला. तेव्हा बाल्कनीतून शेतं दिसायची. बघता बघता शेतांच्या जागी टॉवर आले, आणि प्रत्येक टॉवरमध्ये दोन-चार कॉम्प्युटर. कुणाचा अडला की गार्ड इंटरकॉमवरून सांगायचा, "अंकलजी, बी ब्लॉकवाले बुला रहे हैं." मी चप्पल घालून तयार असायचो. जिथे जाईन तिथे माझा एक मंत्र द्यायचो : सी ड्राइव्हमध्ये सिस्टीम, डी ड्राइव्हमध्ये संसार. सिस्टीम बिघडली तर सी पुसून नव्याने टाकायची, डीला धक्का लागत नाही.

हिचा संसार म्हणजे नाटकं. क्वार्टरमध्ये होतो तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत मुलांचं एक नाटक ही बसवायची आणि ते स्वतः लिहायची. बाजारात मिळणारी नाटकं आमच्या मुलांना बोलता यायची नाहीत. दिल्लीत वाढलेली मुलं, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. "आजी, तू थकून गेली का?" असं बोलणारी. इतर बायका त्यांना सुधारायच्या. ही सुधारायची नाही, तसंच लिहून घ्यायची. एका नाटकात साताऱ्याहून आलेली आजी नातवाला विचारते, "दूध प्यायलास का रे?" आणि तो म्हणतो, "पिऊन घेतलं यार आजी, बिल्कुल संपवून टाकलं." सगळा हॉल हसला होता. मागच्या रांगेतल्या आया जरा ओशाळून हसल्या होत्या.

सून आमची दिल्लीचीच. तिचे वडीलही सरकारी नोकरीत, शेजारच्याच कॉलनीत राहायचे. लहानपणी ती हिच्या एका नाटकात झाड झाली होती. झाडाला एकच वाक्य होतं आणि ती ते विसरली होती. लग्नानंतर मुलगा आणि ती गुडगावला राहायला गेली, दोघांच्याही नोकऱ्या तिथेच. दर रविवारी आमच्याकडे यायची. मुलाने आपला जुना लॅपटॉप आईला दिला, सुनेने पुण्याहून मराठी टायपिंगची सीडी आणून त्यात टाकली, आणि रविवारी जेवणं झाली की दोघी डायनिंग टेबलवर बसायच्या. ही सांगायची, ती टाइप करायची.

"आई, अडगळ म्हणजे?"

"तुझ्या सासऱ्यांची ती सीडींची पेटी बघ. ती अडगळ."

"अच्छा! मग तर माझ्या माहेरी पण खूप आहे."

मी पलीकडे पेपर वाचत असल्यासारखा बसायचो. नवी नाटकं झाली, मग क्वार्टरच्या काळातली जुनी, वहीतली, एकेक करून टाइप झाली. टाइप झालेले कागद आणि वह्या रद्दीत घालायला मीच सांगितलं. "डीमध्ये आहे ना सगळं? मग घरात कागद कशाला?" ही एका वहीवर हात ठेवून थोडा वेळ उभी होती. मग दिली.

मेट्रो आमच्या बाजूला आली त्याच सुमारास मंडळाने ठरवलं की हिची सगळी नाटकं एका पुस्तकात छापायची. दिल्लीत वाढणाऱ्या मुलांसाठी दिल्लीतच लिहिलेली नाटकं म्हणून. हिने त्या आठवड्यात दोनदा पुरणपोळी केली.

तो रविवार मला नीट आठवतो. दोघींनी पुस्तकाची प्रस्तावना संपवली. सून लॅपटॉप बंद करायला गेली तर स्क्रीनवर काहीतरी आलं. तिने तिथूनच विचारलं, "बाबा, हे अपडेट मागतंय. करू?"

मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, "कर की."

तिने केलं. मुलं गुडगावला निघून गेली. लॅपटॉपवर टक्के चढत होते आणि खाली लिहिलं होतं की काम पूर्ण होईपर्यंत बंद करू नका. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. दुसऱ्या दिवशीच्या सभेची नोटीस मला त्याच लॅपटॉपवरून पाठवायची होती. टक्के एका ठिकाणी येऊन अडले. मी चहा केला, प्यायलो, परत आलो, आकडा तोच. दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर मी म्हणालो असतो, थांबा, धीर धरा. माझ्या घरी मी बटण दाबून धरलं, स्क्रीन काळी होईपर्यंत.

त्यानंतर तो सुरू झाला नाही. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची आणि पुन्हा अंधार.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, हात लावू नका. रविवारी आलो की बघतो."

"अरे, तू शाळेत होतास तेव्हापासून मी फॉरमॅट मारतोय."

"म्हणूनच म्हणतोय, हात लावू नका."

हे मला लागलं. सकाळीच मी बस पकडून नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो आणि फूटपाथवर सीडी विकणाऱ्याकडून सिस्टीमची डिस्क आणली. जन्मभर सरकारी स्टेशनरीतली टाचणीसुद्धा घरी न आणणाऱ्या माणसाने चोरीची डिस्क अशी निवांत खिशात घातली. घरी येऊन सी पुसली, नवी सिस्टीम चढवली. मधल्या वेळात ही दोनदा येऊन गेली. "माझं सगळं राहील ना हो?" मी म्हणालो, "डीमध्ये आहे. डीला कोण हात लावतंय?"

संध्याकाळी लॅपटॉप सुरू झाला. स्क्रीन नवी कोरी, आवाजही नवा. डी उघडली. नाटकांच्या सगळ्या फाइली जागच्या जागी होत्या, नावांसकट. मी हिला हाक मारणार होतो, पण आधी एक उघडून बघितली. आत मराठीचं अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, प्रश्नचिन्हं, कंस, सगळा कालवलेला पाला. दुसरी उघडली, तेच. तिसरी, तेच. मी ठरवून टाकलं की अर्धवट अपडेटने फाइली नासवल्या आहेत, आणि नासलेल्या फाइली ठेवल्या तर नवी सिस्टीमही नासेल. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "आलं का माझं?" मी सगळ्या फाइली निवडल्या आणि डिलीट केल्या. मग रिसायकल बिनही रिकामं केलं. हिने तो पाला बघू नये असंही मनात होतं, पण तेवढंच होतं असं म्हणणं बरोबर नाही. मला सारवलेली जमीन दाखवायची होती.

ही येऊन बसली तेव्हा मी सांगितलं की फाइली खराब झाल्या.

"सगळ्या?"

"सगळ्या."

बराच वेळ ती पदराने आधीच कोरडे असलेले हात पुसत राहिली. मग म्हणाली, "पण झालं कशाने?"

"त्या अपडेटने."

"अपडेट कुणी केलं?"

"सूनबाईने केलं ना."

हे वाक्य शब्दशः खरं होतं. ऑफिसात मी अशा शेकडो टिपण्या लिहिल्या होत्या, ज्यात एकही शब्द खोटा नसतो आणि वाचणाऱ्याला भलतंच कळतं. मी 'कर की' म्हणालो होतो ते सांगितलं नाही. बटण दाबल्याचंही नाही.

इथपर्यंत निदान अज्ञान होतं. पुढचं तसं नाही.

दोन-तीन दिवसांनी हिला मंडळाच्या कार्यक्रमाची सूचना टाइप करायची होती. लॅपटॉपवर मराठी उमटेना. मी पेटीतून ती पुण्याची सीडी काढली आणि टाकली. मी स्वतः मराठीत कधी टाइप केलं नव्हतं, ऑफिसात इंग्रजी, आणि हिंदीसाठी वेगळा विभाग. ती सीडी काय करते याचा मी कधी विचारच केला नव्हता. मग हिने आधीच्या महिन्यात मेलने पाठवलेलं एक पत्रक, जे आदल्या दिवसापर्यंत तसंच डॉलर आणि प्रश्नचिन्हांचं दिसत होतं, ते मी सहज उघडलं. आणि समोर स्वच्छ मराठी. काना, मात्रा, वेलांट्या, सगळं. मी बंद करून पुन्हा उघडलं. मराठीच.

फाइलींना काही झालेलं नव्हतं. अपडेटने, माझ्या बटणाने, नेहरू प्लेसच्या डिस्कने, कशानेही नाटकांना धक्का लागला नव्हता. ती जुन्या पद्धतीच्या मराठी अक्षरांत लिहिलेली होती, ती अक्षरं सी ड्राइव्हमध्ये राहत होती आणि मी सी पुसली होती. सीडी परत घातली असती तर सगळी नाटकं वाचता आली असती. ती नीट होती आणि मी ती डिलीट केली.

त्याच दिवशी दुपारी मुलाचा फोन आला. बायको रडते आहे, म्हणाला, आईची नाटकं आपल्यामुळे गेली म्हणून. मग म्हणाला, "बाबा, माझ्या ऑफिसात एक जण उडालेल्या फाइली परत काढतो. अपडेटने नासल्या असतील तर अवघड आहे. पण नुसत्या डिलीट झाल्या असतील तर निघतात, फक्त लॅपटॉप वापरायचा नाही, नाहीतर त्यावर नवं लिहिलं जातं. तुम्ही काही डिलीट केलंय का?"

खोलीत मी एकटाच होतो. ही बाल्कनीत कपडे वाळत घालत होती.

"नाही," मी म्हणालो. "मी कशाला डिलीट करू?"

"नक्की ना?"

"अरे, मला कळत नाही का?"

फोन ठेवला. लॅपटॉप वापरू नये म्हणून मी तो दोन दिवस कपाटात ठेवला, एवढी लाज होती. तिसऱ्या दिवशी सोसायटीचा हिशेब करायला काढला. पुढे रोज काढत राहिलो. रोज त्या जागेवर माझं काहीतरी लिहिलं जात होतं, सभेची नोटीस, पाण्याच्या टाकीचं कोटेशन, पार्किंगची तक्रार, आणि रोज मला माहीत होतं की त्याच्याखाली काय आहे. 'हो' म्हणण्यासाठी माझ्याकडे पुष्कळ दिवस होते. पण 'हो' म्हटलं असतं तर कॉम्प्युटरवाल्या काकांना मराठी फाइल ओळखता आली नाही, हे मुलाला कळलं असतं, त्याच्या ऑफिसला कळलं असतं, बी ब्लॉकला कळलं असतं. यासाठी मी बायकोची नाटकं जाऊ दिली. दुसरं काही कारण शोधून मला सापडलेलं नाही.

पुढच्या रविवारी सून आली ती चपला काढायच्या आतच म्हणाली, "आई, सॉरी. मी नीट वाचायला हवं होतं."

"असू दे गं," ही म्हणाली. "होतं असं."

बस. ना आवाज चढला ना टोमणा. पण त्या दुपारी टेबल पुसून झाल्यावर ही आडवी व्हायला गेली, आणि त्यापुढच्या रविवारीही. सुनेने एकदा विचारलं, "आई, नवीन नाटक घेऊया का लिहायला?" तर ही म्हणाली, "तुला ऑफिसचं काय कमी असतं? दमून जातेस." तेही प्रेमानेच म्हणाली. सुनेने मग मंडळातल्या आयांना फोन करून मुलांकडचे जुने कागद गोळा केले. आमच्याकडे प्रत्येक मुलाला फक्त त्याची वाक्यं आणि आधीच्या माणसाचे शेवटचे दोन-तीन शब्द लिहून द्यायची पद्धत होती. तेवढेच चतकोर कागद मिळाले. तिने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणले. नुसती उत्तरं, प्रश्न नाहीत. हिने पिशवी कपाटावर ठेवली, अजून तिथेच आहे.

पुस्तकाचं काय झालं, असं गणपतीत कुणीतरी विचारलं तेव्हा मी ते बोटाचं वाक्य म्हणालो. लोक हसले. सून ताटं वाढत होती, तीही हसली. मला त्या हसण्याने फार हायसं वाटलं होतं.

वर्षं गेली. नात झाली, ती बोलायला लागली, शाळेत जाऊ लागली. सासू-सुनेचं कधी वाजलं नाही. सणाला साडी, वाढदिवसाला केक, आजारपणात फोन. दोघी चांगल्या पाहुण्यांसारख्या वागत आल्या. मंडळातले लोक मला म्हणायचे, "नशीबवान आहात, घरात एक शब्द नाही." खरंच नव्हता.

यंदाच्या गणपतीत सूत्रसंचालकांनी माइकवरून तोच किस्सा सांगितला. आमची नात पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर रेलून बसली होती. तिने मोठ्याने विचारलं, "मम्मा, तू आजीची नाटकं डिलीट करून टाकली?" आणि सून म्हणाली, "हो बेटा. मम्माकडून चुकून झालं."

ती मनापासून म्हणाली. इतकी वर्षं तिला तसंच वाटत होतं. मी समजत होतो की मी एक किस्सा सांगितला. तो आता तिच्या लेकीच्या हाती गेला होता.

घरी परत आल्यावर मी हिला म्हणालो, "एक सांगायचंय."

"बीपीची गोळी घेतलीत का?"

"घेतली. बस जरा."

मी सगळं सांगितलं. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे फाइली चांगल्या होत्या."

"हो."

"आणि तुम्हाला कळलं होतं."

"हो."

"कधी?"

"त्याच आठवड्यात."

मला वाटलं ती नाटकांसाठी रडेल. ती म्हणाली, "नाटकं गेली तर गेली हो. मी परत लिहिली असती. तिच्याबरोबरच लिहिली असती. तुम्ही मला त्या पोरीला माझ्या टेबलावरून उठवायला लावलंत." मग माझा फोन माझ्या हातात दिला. "लावा. स्पीकरवर."

सुनेने ऐकून घेतलं. तिकडे नातीची कार्टून चालू होती, ती बंद झाली. मी तेच तेच दोनदा सांगत गेलो, सीडी, अक्षरं, सी ड्राइव्ह. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही 'कर की' म्हणाला होतात. माझ्या लक्षात होतं."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलणार? तुमच्या घरात, तुमच्यासमोर?" मग ती म्हणाली, "मी सगळ्यांना सॉरी म्हणत फिरले, बाबा. माझ्या मम्मी-पप्पांनी पण आईंना सॉरी म्हटलं होतं."

हे मला माहीत नव्हतं. मी हिच्याकडे पाहिलं. तिने 'हो' अशी मान हलवली.

मी सुनेची माफी मागितली. ती म्हणाली, "मला आत्ता खूप राग आलाय. तो येऊ दे थोडे दिवस. लगेच 'ठीक आहे' म्हण, असं नका सांगू मला." मग म्हणाली, "आईंना द्या फोन. स्पीकर बंद करून."

ही फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. मी बाहेर बसून राहिलो.

दोन दिवसांनी हिने बॅग भरली. मी विचारलं, गाडी मागवू का. म्हणाली, मेट्रोने जाईन. ती एकटी कधी गुडगावला गेली नव्हती. राजीव चौकात गाडी बदलायची, तिथे केवढी गर्दी, मी येतो सोडायला, असं म्हणालो. "तुम्ही नको," ती म्हणाली. "विचारत विचारत जाईन."

तिला जाऊन आता बरेच दिवस झाले. मुलाने एकदा फोन करून माझी औषधं विचारली, दुसरं काही नाही. सून माझ्याशी अजून बोललेली नाही आणि मी तिला फोन करत नाही, कारण तिने वेळ मागितला आहे. मंडळात हा किस्सा कुणी सांगायला लागलं तर मला त्याच क्षणी थांबवायचं आहे. पण मी सगळीकडे असेनच असं नाही, म्हणून इथे लिहिलं. ज्यांनी हा किस्सा पुढे सांगितला असेल त्यांनी हेही पुढे सांगावं, एवढी विनंती आहे.

ही संध्याकाळी फोन करते. दूधवाल्याला सांगितलं का, पाण्याची मोटर बंद केली का, एवढंच विचारते. काल बोलता बोलता मागून सुनेचा आवाज आला. ती हिला काहीतरी म्हणाली, ही फोन कानापासून दूर धरून हसली आणि तिला काहीतरी उलट म्हणाली. मग दोघीही हसल्या. काय म्हणाली ते मला विचारावंसं वाटलं. मोटर बंद केली आहे, असं सांगितलं.